अजून चार सेकंद

गिरगावातल्या एका वाडीतून आलेलं पत्र, थोडक्यात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वाचकाचं वय ३४, धंद्याने एडिटर. दहा वर्षं अंधेरीतल्या स्टुडिओंत बसून लग्नाचे व्हिडिओ, कंपन्यांच्या फिल्म, मालिकांचे प्रोमो कापले. गेल्या वर्षी पहिला पूर्ण लांबीचा हिंदी सिनेमा मिळाला. सूडकथा. मड आयलंडचा एक बंगला, कर्जतचं एक फार्महाऊस, चौदा दिवसांचं शूटिंग आणि ‘एखाद्या बऱ्या लग्नात उडतो तेवढा’ खर्च. गावातली एक मास्तरीण, तिच्यावर अत्याचार करणारे चौघे, आणि मग ती कोयता घेऊन एकेकाला गाठते. कागदावर गोष्ट बरी होती, असं ते लिहितात. हाती आला तो सिनेमा भलताच. सूड शेवटच्या वीस मिनिटांत गुंडाळलेला, आणि पटकथेत बंद दाराआड असलेला अत्याचाराचा प्रसंग मात्र दार उघडून, बॉडी डबल (नटीच्या जागी दुसरीचं शरीर) आणून, ताणून ताणून दाखवलेला. निर्माता एडिटच्या वेळी मागे खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, “अजून चार सेकंद धर.” यांनी धरले. सिनेमाला ‘अ’ प्रमाणपत्र मिळालं. शुक्रवारी लागला, पुढच्या गुरुवारी उतरला. आता एका छोट्या ॲपवर यायचा आहे.

आई महापालिकेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. ‘मुलाचं नाव मोठ्या पडद्यावर आलं’ हे त्यांनी वाडीभर सांगितलंय. पोस्टरवर अंधारात कोयता धरलेली बाई असल्यामुळे वाडीचा समज असा, की सिनेमा भुताचा आहे. गणेशोत्सव मंडळाने चौथ्या दिवशी पटांगणात पडदा लावून तो दाखवायचा आणि वाचकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा बेत ठरवलाय. त्यांचे प्रश्न तीन. आईला काय सांगू? श्रेयनामावलीतून नाव काढून घेता येईल का? आणि त्याच निर्मात्याने तशाच दुसऱ्या सिनेमाचे पावणेदोन लाख देऊ केलेत, एडिट मशीनचे हप्ते चालू आहेत, तर ते काम घेऊ का?

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन ओळी मोजल्या, ही माझी जुनी खोड. आईबद्दल बावीस ओळी. वाडीबद्दल नऊ. पैशांबद्दल सात. आणि जिने ती मास्तरीण साकारली, तिच्याबद्दल एक: “ट्रेलर आल्यावर हिरॉइनने मेसेज केला होता, मी अजून उत्तर दिलेलं नाही.”

आधी मंडळाचं उरकू, कारण गणपती कोणासाठी थांबत नाहीत. ‘अ’ प्रमाणपत्राचा सिनेमा अठरा वर्षांखालच्या मुलांना जाहीरपणे दाखवणं हा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पटांगणात कोण अठराचा आणि कोण आठचा हे मंडळ कसं बघणार? गॅलरीतून तर अख्खी चाळ बघते. शिवाय असा खेळ लावायला निर्मात्याची परवानगी लागते, एडिटरच्या हार्ड डिस्कवर कॉपी आहे म्हणून चालत नाही. सेक्रेटरींना एवढी दोन वाक्यं पुरेत. ते म्हणतील, मग पोरं झोपल्यावर लावू. गिरगावात गणपतीत पोरं झोपतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का? विचारा त्यांना. एक जपा, निर्मात्याला यातलं काही कळू देऊ नका. तो परवानगी तर देईलच, वर स्वतःचा फोटो छापलेला बॅनर घेऊन आरतीला उभा राहील.

म्हणजे मंडळाच्या तावडीतून कायदा तुम्हाला सोडवेल. बाकीचं त्याच्याने होणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय, थोडं बदलून बदलून: “बजेटच नव्हतं, मग काय होणार?” मला ते तपासून बघावंसं वाटतं. तुम्ही पाठवलेल्या लिंकवर मी ट्रेलर पाहिला. बजेट नव्हतं हे दिसतंच. रात्रीचा प्रसंग दिवसा उरकून निळा केलाय. फार्महाऊसच्या भिंतीवर ट्यूबलाइटची पट्टी आहे, आणि गोष्ट म्हणे वीज न पोचलेल्या गावातली. दोन संवाद ओठांशी जुळत नाहीत. ही सगळी गरिबी, आणि गरिबीला मी हसत नाही. पण चार सेकंद म्हणजे किती फ्रेम, हे मी तुम्हाला सांगायला नको. सेकंदाला २४ प्रमाणे ९६. त्या ९६ फ्रेम ठेवायला पैसे लागले नाहीत आणि काढायलाही लागले नसते. सिनेमात जे स्वस्त दिसतं त्याची जबाबदारी बजेटवर टाका, खुशाल टाका. या ९६ फ्रेम त्या खात्यात बसत नाहीत.

आणि सिनेमा पडला तोही याच कारणाने, असं मला वाटतं. सूडकथा बघायला येणारा प्रेक्षक मनात एक हिशेब मांडून बसतो. तिचं काय काय हिरावून घेतलं आणि तिने ते कसं वसूल केलं. या हिशेबासाठी तो वाईट नट, वाईट उजेड, वाईट गाणी सगळं सोसतो. तुमच्या ट्रेलरला मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं दहा सेकंदांत कोयता नऊ सेकंद दिसतो. बाकी वेळ कॅमेरा त्या चौघांच्या मागे उभा आहे आणि ते बघतात ते बघतोय. तुम्ही एडिटर आहात, म्हणून तुमच्या भाषेत विचारते: त्या प्रसंगात तुम्ही तिच्या चेहऱ्यावर किती वेळ आहात? बॉडी डबलला चेहरा नसतो. चेहरा नसलेल्या शॉटवर चार सेकंद जास्त थांबलं की सिनेमा बाईच्या बाजूचा राहत नाही. पुढे तिने चौघांना उभं चिरलं तरी प्रेक्षकाला ते आपलं वाटत नाही. तो मघाशी दुसऱ्याच बाजूला बसवला गेलाय आणि त्याला ते कुठेतरी कळलंय. गुरुवारी सिनेमा उतरला तो ट्यूबलाइटमुळे नव्हे.

स्वस्त सिनेमाची लाज वाटून घेऊ नका, हे मात्र मनापासून सांगते. १९७० मध्ये एफ. यू. रामसे यांचा एक सिनेमा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढ्या एका प्रसंगाला थिएटरात लोक दचकत होते, हे त्यांच्या मुलांनी हेरलं. १९७२ मध्ये या भावंडांनी मोजक्या माणसांना घेऊन महाबळेश्वर गाठलं आणि थोड्या पैशांत पूर्ण भयपट करून आणला. कोणी कॅमेरा धरला, कोणी आवाज, कोणी दिग्दर्शन. एडिटिंग अर्जुन रामसे यांच्याकडे. त्यांच्या सिनेमांना नावं ठेवणाऱ्यांची रांग मोठी आहे आणि त्यांतल्या काही सिनेमांत बाईला ज्या कारणासाठी न्हाणीघरात पाठवलं जातं त्यावर मीही नाक मुरडलंय. पण भुताचं तिकीट काढलेल्याला भूत मिळायचं.

तिकडे अमेरिकेतही हेच. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने १९७२ मध्ये निर्माता रॉजर कॉर्मनसाठी असाच एक कमी पैशांचा, मारामारी आणि उघडेपणा हिशेबाने पेरलेला सिनेमा केला. तो बघून दुसरा एक दिग्दर्शक, जॉन कॅसाव्हेट्स, याने त्याला मिठी मारली आणि सांगितलं, की आयुष्याचं एक वर्ष तू कचऱ्यात घातलंस. (मूळ शब्द याहून ओला होता.) ही गोष्ट स्कॉर्सेसी स्वतःच सांगत आलाय. पुढच्याच वर्षी त्याचा स्वतःच्या मोहल्ल्यावरचा सिनेमा आला. म्हणून तुम्ही लगेच वाडीवर सिनेमा काढा, असं मी म्हणत नाही. वाडीत दिग्दर्शक आधीच पुष्कळ आहेत.

आता माझं एक सांगते, म्हणजे ही बाई उंचावरून बोलतेय असं तुम्हाला वाटायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका दैनिकाच्या जाहिरात विभागात होते. सिनेमाच्या जाहिरातींचं पान माझ्याकडे असायचं. लॅमिंग्टन रोडच्या नाझ थिएटरच्या आवारात वितरकांच्या कचेऱ्या, तिथून माणूस संध्याकाळी फोटो घेऊन यायचा. एकदा एका पडेल सिनेमाच्या दुसऱ्या आठवड्याची जाहिरात आली. फोटोत एक बाई पावसात नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसून रडत होती. तो माणूस म्हणाला, “ताई, बाई दीडपट करा, बाकीचं कापा.” मी कापलं. प्रेत गेलं, रस्ता गेला, उरली ती ओली साडी. सकाळी पान छापून आलं तेव्हा मला कळलं मी काय केलंय. पण ‘मी फक्त मापाला बसवलं’ हे वाक्य तेव्हाही तयार होतं. त्या नटीचं नाव जाहिरातीत नव्हतंच. मॉर्निंग शोची वेळ मात्र ठळक होती.

तेव्हा ‘मी फक्त एडिटर आहे’ हे तुमचं वाक्य मला घरचंच वाटलं. ते खोटं नाही. निर्माता मागे बसला होता, दिग्दर्शक गप्प होता, हप्ते चालू होते. पण तो शॉट जगात गेला तो तुमच्या बोटाने गेला, हेही खोटं नाही.

म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न आईचा नाही, त्या मेसेजचा आहे. तिने काय लिहिलंय ते तुम्ही सांगितलेलं नाही. शिव्या असतील. किंवा नुसतं “हे काय आहे?” असेल, जे शिव्यांपेक्षा अवघड. तुम्हाला भीती वाटते ती बहुधा ही, की उत्तर दिलं तर आपण अडकू. तुमच्या जागी मी काय लिहिलं असतं ते सांगते: “मी एडिटर. तो प्रसंग मी कापला. निर्मात्याने लांबवायला सांगितला आणि मी लांबवला. तुला दार बंद राहील असं सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. उत्तर द्यायला उशीर केला, त्याचीही माफी.” एवढंच. ‘पण’ शब्द नको, हप्त्यांचा उल्लेख नको. तिने माफ करावं, भेटावं, समजून घ्यावं अशी अपेक्षाही नको. ती उत्तर देणार नाही, अशी शक्यता मोठी आहे.

त्यानंतर तिला उपयोगी पडेल अशी माहिती पुरवा, कारण तिला ती कोणी दिलेली नसणार. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-बी आलं. आपल्या कामाची मोडतोड किंवा विपर्यास होऊन प्रतिष्ठेला धक्का बसत असेल, तर तो रोखायचा आणि भरपाई मागायचा हक्क कलाकाराला त्यात आहे. तिथे एक खुलासाही जोडलाय, तुमच्या कामाचाच: एडिटिंगसाठी किंवा लांबी बसवण्यासाठी एखादा भाग नुसता काढून टाकला, तर तेवढ्याने प्रतिष्ठेला धक्का बसला असं धरायचं नाही. काढला तर. दुसऱ्याचं शरीर जोडून प्रसंग वाढवण्याला त्या खुलाशाचं पांघरूण मिळेल असं मला वाचताना वाटत नाही. पण मी वकील नाही, आणि तिने सही केलेल्या करारात काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून असेल. तिने करार घेऊन वकिलाकडे जावं, ‘सिंटा’ची, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेची, सभासद असेल तर तिथे अर्ज द्यावा. पटकथेची जी प्रत तुम्हाला एडिटच्या आधी मिळाली होती, ती तुमच्या मेलमध्ये असेल. त्यात दार बंद आहे. ती प्रत जपून ठेवा. विचारलं तर खरं सांगेन, एवढा शब्द तिला द्या. फुटेज बाहेर काढून कोणाला पाठवणं वगैरे शौर्य अजिबात नको. त्यात तिचंच चित्र पुन्हा फिरेल.

आणि ती डबल. तिला एका दुपारचे पैसे मिळाले असतील आणि श्रेयनामावलीत नाव नसेल. तिच्यापर्यंत तुम्ही पोचू शकाल की नाही, देव जाणे. निदान तुमच्या हिशेबात तिला धरा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. ॲपची फाइल अजून गेलेली नाही. ती तुमच्याच मशीनवरून जायची आहे. म्हणजे तो सिनेमा अजून पुरता हाताबाहेर गेलेला नाही! निर्मात्याला नीतीचे धडे देऊ नका, तो ऐकणार नाही. त्याच्या भाषेत बोला. ॲपवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे ॲपने स्वतः वयाची पायरी लावायची असते. तो प्रसंग मूळ पटकथेसारखा बंद दाराआड गेला तर खालची पायरी मिळायची आशा आहे, म्हणजे जास्त घरांत चालेल. टीव्हीला विकायचा असेल तर ‘अ’ चालतच नाही, कापावंच लागतं. मग दोन दोन कॉप्या कशाला, एकच नीट करू, मी फुकट करून देतो, म्हणा. फुकट हा शब्द त्याला ऐकू येतो. नवा कट दाखवताना सूडाची वीस मिनिटं थोडी मोकळी करा. फुटेज असेलच, चौदा दिवस शूटिंग झालंय. कदाचित तो नाही म्हणेल. तरीही हे सगळं मेलवर लिहून मागा, तोंडी नको. नकार लेखी असला तर उद्या तिच्या कामी येईल, आणि तुमच्याही.

नाव काढण्याबद्दल. कायद्याने सिनेमाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरलंय, एडिटरला नाही. म्हणजे नाव ठेवायचं की काढायचं हा तुमच्या करारातला मामला, आणि तुमच्याकडे करार नाहीच, व्हॉट्सॲपवरचं “डन” आहे. विनंती करू शकता. ॲपच्या फाइलमध्ये पाटी बदलायला पाच मिनिटं लागतात. पण बदलून काय साधणार? अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने एक खोटं नाव काढलं होतं, ॲलन स्मिथी. सिनेमा हातातून काढून घेऊन बिघडवला असं दिग्दर्शकाने पटवून दिलं, की त्याच्या नावाऐवजी ते नाव लागायचं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत ते चाललं. त्याला अट होती, का काढलं ते जाहीर बोलायचं नाही. नाव जायचं आणि तोंडही बंद व्हायचं. तुम्हाला आता तोंड लागणार आहे, म्हणून मी नाव ठेवा म्हणेन. शिवाय हिरॉइनला तिचा चेहरा काढून घेता येत नाही. एवढ्या घाईने आपण तरी कुठे निघालोय?

(एक वेगळी गोष्ट: प्रोफाइलमध्ये, शोरीलमध्ये हा सिनेमा ठेवायचा की नाही, ते खुशाल ठरवा. तिथे कोणी फसत नाही. आवाजाचं काम चांगलं झालंय असं तुम्ही लिहिलंय, तर कोयता दगडावर परजण्याचा तो तुकडा ठेवा. ट्रेलरमध्ये तोच एक आवाज कानात राहतो.)

पावणेदोन लाखांबद्दल मी उपदेश करणार नाही. माझे हप्ते कधीच फिटलेत आणि ‘नको घेऊस ते काम’ असं ज्याचे हप्ते फिटलेत त्याने म्हणणं सोपं असतं. पण पहिल्या सिनेमाचे चाळीस हजार अजून थकलेत, असं तुम्हीच कोपऱ्यात लिहिलंय. जुने हातात आल्याशिवाय नव्याची हार्ड डिस्क घेऊ नका. हे या धंद्यातल्या कोणालाही सांगेन, सिनेमा संतपट असला तरी. मग पटकथा मागा. देत नसेल तर तेच उत्तर समजा. देत असेल तर वाचा, आणि तसा प्रसंग असेल तर तो कागदावर कसा लिहिलाय ते बघा. करारात पटकथेची ती प्रत जोडा, किती वेळा बदल करून देणार, किती दिवस, कोणाचा शब्द अखेरचा, हे लिहा. आणि एक नवीन सवय लावून घ्या. शूटिंगवरून कॅमेरा रिपोर्ट येतो, साउंड रिपोर्ट येतो, त्याशिवाय तुम्ही सिंक (चित्राला आवाज जुळवणं) लावायला घेत नाही. तसाच, पटकथेबाहेरचा असा काही शॉट किंवा बॉडी डबल आला, तर नटीच्या लेखी संमतीचा कागद मागा. “कागद आल्यावर लावतो,” एवढंच म्हणायचं. भांडण नाही, भाषण नाही, ऑफिसातल्या कारकुनाचा आवाज काढायचा. निम्मे निर्माते तो कागद आणायचा कंटाळा करून शॉटच सोडून देतील.

हे फक्त एडिटरसाठी नाही. मला पत्रं येतात ती थंबनेल बनवणाऱ्या मुलांची, पोस्टर डिझाइन करणाऱ्यांची, अंधेरीच्या एखाद्या बूथमध्ये तासाच्या हिशेबाने किंचाळ्या डब करणाऱ्या मुलींची. प्रत्येकाच्या टेबलावर कधी ना कधी एक ‘बाई दीडपट करा’ येतंच. कागद मागणं सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

आणि या सगळ्यानंतरही दुसरा सिनेमा तसाच निघेल असं वाटलं, तर सहा महिने परत लग्नाचे व्हिडिओ कापा. त्यांत बायका स्वतःच्या मर्जीने नाचतात, आणि पैसे आधी मिळतात.

राहिल्या आई. “ती साधी आहे, तिला धक्का बसेल,” असं तुम्ही लिहिता. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना साधं म्हणायचं? या बाईंनी जनगणना केलीय, मतदार याद्या केल्यात, पोलिओचे डोस घेऊन ग्रँट रोडच्या मागच्या गल्ल्यांतले जिने चढल्या असतील. त्या जिन्यांवर त्यांनी जे पाहिलं, त्यातलं घरी येऊन तुम्हाला किती सांगितलं? तुम्ही लिहिलंय, की त्या सगळ्यांना अभिमानाने सांगतात, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आपल्या गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला, १९३१ मध्ये ‘आलम आरा’ मॅजेस्टिकमध्ये, आणि आता आमचा मुलगा. पण त्याच गिरगावातून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की ग्रँट रोडची थिएटरं यायची, त्यांच्यावर सकाळच्या खेळांची पोस्टरं असायची. आईंची शाळा त्या बाजूला होती, असं तुम्हीच म्हणता. सिनेमाची ही दुसरी परंपरा त्यांना ठाऊक नसेल, असं कसं समजता?

म्हणजे धक्का ‘असला’ सिनेमा केल्याचा बसेल असं मला वाटत नाही. वाडीत तोंडघशी पडल्याचा बसेल, तोही जर मंडळाने आधी ट्रेलर शोधून बघितला तर. म्हणून तुम्हीच आधी सांगा. सकाळी सांगा, रात्री नको, रात्री मोठ्या माणसांना झोप लागत नाही. “सिनेमा भुताचा नाही. त्यात एका मुलीवर अत्याचाराचा प्रसंग आहे, तो नको इतका लांबवलाय, आणि लांबवला मी. ते काम केलेल्या नटीला मी तसं कळवलंय.” शेवटचं वाक्य म्हणता यावं म्हणून तर मेसेजचं उत्तर आधी. ते नसेल तर बाकीचं सगळं नुसतं रडगाणं होईल, आणि शिक्षिकांना रडगाणी ऐकायची सवय असते, त्या लगेच ओळखतात.

त्या बघायचा म्हणाल्या तर? बघू द्या. ‘अ’ प्रमाणपत्र त्यांना अडवत नाही. मात्र शेजारी बसून दर मिनिटाला ‘इथे बजेट नव्हतं’ म्हणू नका.

तुमचं पत्र आलं तेव्हा गणपतीला एकोणीस दिवस होते. हे छापून येईपर्यंत बारा-तेरा उरतील. सत्काराचं स्वतःच्या तोंडाने नाही म्हणा, आईच्या नावावर ढकलू नका. आणि सेक्रेटरींना फोन आजच करा. मंडळाचे फ्लेक्स दहा दिवस आधी छपाईला जातात, आणि एकदा तुमचा हसरा फोटो कोयत्याशेजारी लागला की तो पुढची दिवाळी होईपर्यंत कोणी उतरवत नाही.